विकाऊ गाडीला औषध नाही

सिरसाळ्याच्या त्या मिस्त्रीचं नाव निघालं की लोक कौतुकानं बोलतात. बोलोत. माझं डोकं मात्र अजून तापतं. आता तो शेडमध्ये नसतो, लेकीकडे राहायला गेला म्हणतात. पण परळी रोडनं जाताना ती जागा दिसली की मी गाडीचा वेग वाढवतो.

मी बकऱ्यांचा व्यापारी. केजच्या बाजारात दुसऱ्यांच्या बकऱ्या धरून उभं राहण्यापासून सुरुवात केली. मग सायकलच्या कॅरिअरवर एक बकरी, मग जीपच्या टपावर दोन, आणि पुढे एक जुनी व्हॅन घेतली. तिच्या मागच्या सीटा काढून विकल्या आणि त्या पैशात टायर टाकले. बापजाद्यांचं काही नव्हतं. जे आहे ते भाव करून मिळवलेलं आहे. मी मिठाच्या पुडीचाही भाव करतो आणि त्याची मला लाज वाटत नाही.

अशा माणसाला तो मिस्त्री भेटावा हे माझं नशीब.

गावाबाहेर लिंबाखाली त्याचं पत्र्याचं शेड होतं. पाटी नव्हती. का नाही म्हणून विचारलं तर म्हणायचा, "पाटी लावली की लोक वाचून येत्यात. मला ऐकून आलेली लागत्यात." उंच, हाडकुळा माणूस. डोक्याला कायम पंचा बांधलेला, पण एका बाजूनं. डावा कान पंचाखाली गच्च झाकलेला आणि उजवा उघडा. उजव्या कानानं गाडी ऐकायची. डावा का झाकलाय म्हणाल तर, "त्या कानानं गिऱ्हाईक ऐकू येतं."

त्याच्याकडे गाडी नेली की तो गाडीकडे बघतच नसे. आधी मालकाला उभं करायचा आणि म्हणायचा, "आवाज काढून दाखवा."

म्हणजे तोंडानं. गाडी जशी वाजते तसं मालकानं तोंडानं वाजायचं. त्याशिवाय तो पान्ह्याला हात लावत नसे. पहिल्यांदा गेलो होतो तेव्हा मी म्हणालो, "मिस्त्री, मी गाडी दाखवायला आणलीय, तमाशा दाखवायला न्हाई." तो म्हणाला, "बरं," आणि चहा पीत बसला. चहा संपला, दुसरा मागवला, तोही संपला. मी गाडी घेऊन निघून आलो. आठ दिवसांनी ती रस्त्यात बंद पडली, तेव्हा ओढत त्याच्याकडेच न्यावी लागली. सगळ्या बकऱ्यांसमोर उभं राहून मी घरघर केली. त्यानं नुसतं "पंखा" म्हटलं आणि बरोबर निघालं.

पण माझं सोडा. एकदा माझ्या डोळ्यांदेखत एक पुढारी आले. पांढरे कडक कपडे, मागे दोन गाड्या भरून माणसं. "मिस्त्री, गाडी वाजायलीय. बघा जरा."

"कशी वाजायलीय?"

"पुढनं वाजती."

"कुठनं न्हाई इचारलं, साहेब. कशी. काढून दाखवा."

पुढाऱ्यांनी मागे पाहिलं. मागची माणसं लिंबावरचे पक्षी बघायला लागली. मग साहेबांनी हळूच, सभेत खोकल्यासारखं, "कट्, कट्, कट्" केलं.

"सरळ जाताना का वळताना?"

"वळताना."

"मग वळून काढा."

आणि एवढा मोठा माणूस, ज्याच्या एका फोनवर तहसीलदार खुर्ची सोडतो, तो दोन्ही हात स्टिअरिंग धरल्यासारखे पुढे करून शेडपुढच्या धुळीत गोल फिरला. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मिस्त्री उजवा कान पुढे करून उभा. मागच्यांपैकी एकजण हसला आणि लगेच दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं.

"डावीकडं वळताना तुमी जोर दिला," मिस्त्री म्हणाला. "पुढचा उजवा जॉइंट गेलाय."

तोच गेला होता. पुढे पुढाऱ्यांनी प्रचाराच्या भाषणात त्याचं नाव घेतलं म्हणे. मिस्त्री सभेला गेला नव्हता. म्हणाला, "लाउडस्पीकरनं कान खराब होतो."

एका हेडमास्तरांना काही केल्या आवाज काढता येईना. तेव्हा त्यांना त्यानं घरी पाठवलं आणि बायकोला आणायला सांगितलं. "तुमी चालवता, तुमाला गाडी ऐकू येत न्हाई. मागं बसणाराला समदं ऐकू येतं." बाई आल्या. स्कूटर कशी चालू होते, कशी चढावर धापा टाकते आणि मास्तर गिअर टाकतात तेव्हा काय होतं, हे सगळं त्यांनी असं काही वाजवून दाखवलं की मास्तर खाली बघायला लागले. वीस वर्षांचा राग होता त्यात.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. मला त्याचं खटकायचं ते वेगळंच. तो भाव करत नसे. काम झालं, विचारलं, "किती झाले?" की म्हणायचा, "तुमी म्हणाल ते." दुसरा कोणी यात खूश होईल. मला तो अपमान वाटे. कमी सांगावं, त्यानं जास्त मागावं, मी चिडावं, जाण्यासाठी वळावं, त्यानं हाक मारावी, अशी व्यवहाराला काही रीत असते. मी कमी रक्कम सांगितली की हा न बघता खिशात टाकायचा. मग घरापर्यंत मला वाटत राही की आणखी कमी सांगायला हवी होती. कुस्तीला गेलो आणि समोरचा आपणहून आडवा पडला, यात कसलं जिंकणं?

तर ती व्हॅन. तिला मागून आवाज यायला लागला. टक्. मग जरा थांबून टक्. वेग वाढला की टकटक. माजलगावला एका गॅरेजमध्ये दाखवली तर त्यांनी गाडीखाली डोकं घालून सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "अख्खा धुरा उतरवावा लागंल, शेठ." मागच्या दोन्ही चाकांमधला तो दांडा उतरवायचा खर्च ऐकून मी तिथल्या तिथे ठरवलं की गाडी विकायची. केजला एक पिकअप बघून ठेवली होती. तिचा इसार दिला. पुढच्या बाजारापर्यंत बाकी रक्कम भरायची, नाहीतर इसार बुडाला आणि पिकअप दुसऱ्याच्या दारात. म्हणजे व्हॅन विकलीच पाहिजे होती, आणि तीही आठवड्याच्या आत.

गिऱ्हाईक लगेच मिळालं. एक मेंढपाळ नवरा-बायको. त्यांचा कळप तेव्हा सिरसाळ्याच्या रानात बसला होता. पूर्वी ही माणसं चालू न शकणारी कोकरं घोड्यावर घालून न्यायची, आता जुनी व्हॅन घेतात. नवरा बोलत नसे, बायकोच बोलायची. मी त्यांना गाडी फिरवून दाखवली. गाडी रिकामी असली की आवाज येत नसे. म्हणून रिकामीच नेली होती. विकणारा आपल्या मालाची चांगली बाजू पुढे करतो, यात नवल ते काय.

बाईनं सगळं ऐकून घेतलं, दारं उघडून-लावून बघितली आणि म्हणाली, "मालक, गाडी चांगली दिसती. मिस्त्रीनं चांगली म्हणलं तर घेतो."

"मिस्त्री कशाला? मी सांगतोय न्हवं."

"तुमी विकणार. तुमी चांगलीच म्हणणार."

त्यांना दुसऱ्या दिवशी शेडवर यायला सांगितलं आणि मी त्याच दुपारी एकटा मिस्त्रीकडे गेलो. म्हटलं, ती माणसं यायच्या आत आवाज काढून टाकू. आपणहून तोंडानं टक् टक् करून दाखवलं. उगीच वेळ नको. भरल्यावर येतो, रिकामी असताना येत नाही, हेही सांगितलं.

मिस्त्रीनं ऐकलं. मग विचारलं, "विकायची हाय का?"

"हाय."

"मग न्हाई."

"कावून?"

"बाजारात उभ्या केलेल्या जनावराला मी औषध देत न्हाई."

मला आधी वाटलं, भाव वाढवतोय. बरं वाटलं. इतक्या वर्षांनी शहाणा झाला. म्हटलं, "दुप्पट घ्या." त्यानं चहा मागवला. "बरं, तुमी म्हणाल ते घ्या." तो चहा फुंकत बसला. मग त्यानंच सांगितलं. त्याचे वडील गावात जनावरांना पाला-मुळीचं औषध द्यायचे. एकदा बाजाराच्या सकाळी एकानं लंगडा बैल आणला. वडिलांनी लेप लावला, बैल दुपारपर्यंत ताठ चालला, विकला गेला. संध्याकाळी घेणाऱ्याच्या दारात जाऊन बसला तो पेरणीचे दिवस सरेस्तोवर उठला नाही. त्या घेणाऱ्याची पेरणी राहिली. तेव्हापासून घराण्यात नेम झाला. जनावर विकायला काढलं की औषध बंद. खोड दिसू द्यायची, सौदा होऊ द्यायचा, मग औषध.

"ही गाडी हाय मिस्त्री, बैल न्हाई."

"बैल बरा की. लंगडताना दिसतो तरी."

मी त्याला बरंच बोललो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो डावा कान माझ्याकडे करून बसला होता.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको आले ते कळपासकट. कळप कुणाच्या भरवशावर ठेवणार? सगळा रस्ता मेंढ्यांनी भरला. मिस्त्री बाहेर आला, गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "रिकामी गाडी खोटं बोलती. भरा."

"कशानं भरू? माझी बकरी घरी हायती," मी म्हणालो.

"ज्यांची गाडी व्हणार त्यांच्या मालानं भरा."

बाईनं कोकरं उचलून आत टाकायला सुरुवात केली. नवरा देत गेला, ती टाकत गेली. गाडी कोकरांनी गच्च भरली. मग त्या कोकरांना इकडे-तिकडे सारून मिस्त्री आत शिरला आणि फरशीवर आडवा झाला. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चाकावरच्या पत्र्याला टेकवलं आणि मूठ उजव्या कानाला लावली. "हाका," म्हणाला.

मी गाडी सुरू केली. आता कोकरं आत आणि आया बाहेर. गाडी हलल्याबरोबर सगळा कळप आरडत मागे धावला. आतून कोकरं, बाहेरून मेंढ्या. असा कालवा की मला माझं इंजिन ऐकू येईना. मागे एसटी येऊन अडकली, तिनं हॉर्न धरला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून विचारलं, "काय बे, मिरवणूक हाय का?" मी आरशात बघितलं तर मिस्त्री निवांत पडलेला. एका कोकरानं त्याचा उघडा कान तोंडात धरला होता आणि आईचं दूध समजून चोखत होतं. दुसरं त्याच्या पोटावर उभं. त्यानं कान सोडवून घेतला नाही. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ दातात धरली आणि पडून राहिला. दातांनीही ऐकू येतं म्हणे.

"डावीकडं घ्या," दातांतून आवाज आला. घेतली. "उजवीकडं." घेतली. "ब्रेक न्हाई, नुसती सोडा." सोडली. त्या कालव्यातूनही मला ऐकू आलं, टक्, टक्. बाई शेजारी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं.

परत येऊन त्यानं मागचं डावं चाक जॅकवर उचललं, नट काढले, चाक उतरवलं आणि उन्हात धरलं. मग मला नाही, त्या बाईला बोलावलं.

"हे बघा अक्का. धुऱ्याला काय न्हाई झालं. धुरा लोखंडासारखा हाय. ह्या रिमची भोकं बघा. गोल पायजेत, ती लांबलीत. नट ढिले ठेवून गाडी पळवलीय. वजन पडलं की चाक धुऱ्यावर जरासं सरकतं आन टक् करतं. रिम बदलली की मिटलं."

मला इतका आनंद झाला की मी त्याला मिठीच मारणार होतो. धुरा चांगला. म्हणजे गाडीची किंमत शाबूत. मी बाईकडे वळून म्हणालो, "बघा. एवढंच हाय."

"एवढंच न्हाई," मिस्त्री म्हणाला. "मी तिथं आडवा पडलो व्हतो ना."

आणि त्यानं सुरू केलं. फरशीचा पत्रा उजव्या कोपऱ्यात कुजलाय. मागचा शॉकअप गळतोय. सायलेन्सरला तारेनं बांधलंय. मागचं दार वरच्या बिजागरीवरच लटकलंय. एक आवाज शोधायला आत गेलेला माणूस पाच खोडी घेऊन बाहेर आला. नवरा पहिल्यांदा हसला. मला त्याला झापायचं होतं, पण डोळ्यांसमोर केजची पिकअप होती. गिळलं.

"शेवटचं सांगा," मी बाईला म्हणालो. "घेणार का न्हाई?"

"घेणार. आमच्या वतीनं मिस्त्री बोलतील."

मी मनात म्हटलं, देव पावला. जो माणूस आयुष्यात कधी भाव करत नाही, तो यांच्या वतीनं बोलणार. मी लगेच हात पुढे केला. आमच्या जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं करत नाहीत. कापडाखाली हात धरायचा आणि बोटं दाबून आकडे सांगायचे, म्हणजे बघणाऱ्यांना कळत नाही. मिस्त्रीनं डोक्याचा पंचा सोडला आणि आमच्या हातांवर टाकला. त्याचा डावा कान मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. अगदी साधा कान होता.

मग त्यानं माझी बोटं धरली.

मी या हातांनी केज, सिरसाळा, माजलगाव, सगळे बाजार केलेत. मोठमोठे दलाल या हातांपुढून घाम पुसत गेलेत. पण असली पकड मी बघितली नव्हती. मी चार बोटं दाबली की तो दोन सोडवायचा. मी हात ओढला की तो नुसता धरून ठेवायचा, ओढायचा नाही, ढिलाही करायचा नाही. चेहरा असा की जणू झोप येतेय. मी चिडलो, शिव्या दिल्या, वळून निघालो, पण हात त्याच्याकडेच राहिला होता, म्हणून परत यावं लागलं. लोक जमले. एसटीतून उतरलेले दोघं गाडी सोडून बघत उभे राहिले. मला घाम फुटला. तो घाम रागाचा होता हे खरं, पण त्यात दुसरंही काही होतं. असा हात समोर असताना भाव करण्यात जी मजा असते ती मला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. हा माणूस हे सगळं जाणत होता आणि माझ्याशी मात्र जन्मभर "तुमी म्हणाल ते" करत राहिला.

शेवटी मी एक बोट सोडलं. त्यानं पंचा उचलला. बाईनं पैसे दिले. पिकअपपुरते होते. त्याहून एक रुपया जास्त नाही. माझ्या गळ्याशी सुरी कुठवर आणायची हे त्याला बोटांतून कसं कळलं, कोण जाणे.

मी किल्ली पुढे केली. नवऱ्यानं ती घेतली नाही. बायकोकडे बघितलं. बायकोनं मिस्त्रीकडे.

"चालवणार कोण?" मिस्त्रीनं विचारलं.

दोघांनाही चालवता येत नव्हती. गिऱ्हाइकाची ऐपत बघितली होती, नियत बघितली होती, गरज बघितली होती. गाडी चालवता येते का, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. गाडी घ्यायला आलेल्या माणसाला कोण विचारतं?

"बकरीवाले, शिकवून द्या," मिस्त्री म्हणाला.

"माझा काय संबंध? पैसे मिळाले, किल्ली दिली. व्यवहार मिटला."

"बैल विकला की दोन दिवस औताला जुंपून दाखवावा लागतो का न्हाई? घेणाराचा हात बसंस्तोवर मालक शेतात येतो. का तुमच्या बाजारात येत न्हाई?"

येतो. जमलेल्या सगळ्यांना ते माहीत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला पुढेही त्याच लोकांकडून बकऱ्या घ्यायच्या होत्या.

तोवर मिस्त्री शेडमागे गेला, जुन्या ढिगातली एक रिम घेऊन आला, टायर चढवलं, चाक बसवलं, नट आवळले. बघता बघता झालं. पैसे मागितले नाहीत. मी म्हणालो, "हेच आधी केलं असतं तर तुमच्या बापाचं काय गेलं असतं?"

"आधी ती विकाऊ व्हती," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

तर मी, केजचा व्यापारी, पैसे खिशात घालून त्या कळपाबरोबर निघालो. नवऱ्यानं एकदा स्टिअरिंग धरलं आणि गाडी थेट एरंडाच्या झाडात घातली. पुन्हा हात लावला नाही. बाई बसली. तिला क्लच जमला, गिअर जमला, मेंढ्यांच्या चालीनं हळू हाकणं तर माझ्यापेक्षा बरं जमलं. मी शेजारी बसून सांगत होतो, म्हणजे ओरडत होतो. मी काही हळू बोलणारा माणूस नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं गाडी थांबवली. सौदा होईपर्यंत मला मालक म्हणत होती, आता भाऊ झालो होतो. "भाऊ, तुमी मागं बसा. तुमच्या आवाजानं कोकरं भेत्यात."

"मागं जागा कुठं हाय?"

"मिस्त्री बसले व्हते की."

मी मागे शिरलो. बसायला जागा नव्हती, म्हणून आडवा झालो. एक कोकरू येऊन माझ्या काखेत तोंड घालून झोपलं. डोक्याखाली तेच डावं चाक होतं. बाईनं गिअर बदलला, गाडीनं वेग घेतला. मी कान पत्र्याला लावला आणि वाट बघत राहिलो. खाली रस्ता सरकत होता, बाकी काही नाही. इतकी वर्षं गाडी माझी होती, पण इतकी गुपचूप ती माझ्यासाठी एक मैलही चालली नव्हती. उठून बाईला सांगावं वाटलं की सौदा मोडू, पैसे परत घ्या, गाडी द्या. पण कोकरू झोपलं होतं, आणि तिनं काय भाव मागितला असता ते मला पडल्या पडल्या कळत होतं.